फुफाटा

डॉक्टरांनी सुंदरम्माच्या छातीचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, "आजी विडी ओढतात का?"

सुंदरम्माला आधी हसू आलं, मग खोकला. खोकला एकदा सुरू झाला की चार-पाच मिनिटं थांबायचं नाव घेत नसे, म्हणून पुढचं सगळं तिची धाकटी जाऊ मल्लव्वाच बोलली. विडी नाही, तपकीर नाही, मिश्रीसुद्धा नाही. चूल आहे. एक नाही, चार. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत घराच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड आहे, तिथं दोघी जावा बावीस वर्षं कडक भाकरी करतात आणि दुकानांना देतात.

"मग आता धूर बंद," डॉक्टर म्हणाले. "आणि राख काढणं तर अजिबात नाही. ती बारीक धूळ आत जाऊन बसलीय."

"बंद केल्यावर खायचं काय, ते बी लिहून द्या की," सुंदरम्मा खोकल्यातून म्हणाली. डॉक्टरांनी तोंडात मारायच्या फवाऱ्याचं औषध लिहून दिलं.

कामाची वाटणी दोघींनी कधी बसून केली नव्हती. मल्लव्वाचा हात थापायला चांगला. तिची भाकरी परातीएवढी मोठी आणि पापडासारखी पातळ व्हायची. सुंदरम्माला तव्याची नजर होती. दुपारी जाळ विझला की राख काढायची तीही सुंदरम्माच. चुलीपुढं उकिडवं बसायचं, पत्र्याच्या सुपलीनं राख ओढायची, घमेल्यात टाकायची, घमेलं उचलून दारामागच्या पोत्यात रिकामं करायचं. कितीही हळू ओढली तरी राख उडायचीच. ती पापण्यांवर बसे, कानात जाई, केसांत मुरे. सुंदरम्माचे केस नेमके कोणत्या वर्षी पांढरे झाले, हे त्यामुळे घरात कुणालाच सांगता आलं नसतं.

डॉक्टरांकडून आल्यावर राख मल्लव्वाकडे आली. तिला कुणी सांगितलं नाही, तिनं कुणाला विचारलं नाही. भाजायला गल्लीच्या टोकाची कस्तुराबाई सकाळपुरती यायला लागली, सुंदरम्मा मधल्या खोलीत खाटेवर बसून भाकरीचे गठ्ठे बांधायला लागली, आणि राख उरली ती मल्लव्वाला. पहाटे चारपासून दुपारी बारापर्यंत थापलेल्या हातांनी घमेलं उचलताना तिला वाटे, हे आजचं शेवटचं काम, हे झालं की पडायचं. पण ते झालं की उद्याची ज्वारी गिरणीत न्यायची असे, जळण फोडायचं असे, अक्काला वाफ द्यायची असे. थोरल्या जावेला ती अक्काच म्हणायची. रात्री पाठ टेकली तरी थकवा उतरत नसे. सकाळी तो तिच्या आधी उठून बसलेला असे.

गॅसवर करून बघितलं होतं. दुकानदारानं पहिल्याच खेपेला दोन भाकऱ्या मोडून, हुंगून बघितल्या आणि "चुलीची द्या" म्हणून बाकीच्या परत पाठवल्या.

मल्लव्वाचा मुलगा श्रीशैल सात रस्ता चौकाजवळ एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचा. आईचे हाल त्याला दिसत नव्हते असं नाही. दिसायचे, वाईटही वाटायचं. पण ते वाईट वाटणं शेवटी मोबाईलवर काहीतरी शोधण्यात संपायचं. एका संध्याकाळी त्यानं आईसमोर मोबाईल धरला. परदेशातली कुणी बाई होती. तिच्या दिवाणखान्यात भिंतीतच चूल होती, खाली पांढरा गालिचा, आणि ती बाई एका डब्याला लावलेल्या नळीनं चुलीतली राख ओढून घेत होती.

"बघ अव्वा, कपड्याला सुदीक लागलं न्हाय तिच्या."

"तिची चूल बघ की आदी," मल्लव्वा म्हणाली. "आठवड्यात एकदा पेटवत असंल."

पण चौथ्या दिवशी खोकं घरी आलं. व्हिडिओतल्या मशीनचा डबा लोखंडी होता, याचा प्लास्टिकचा होता. तसलं लोखंडी इथं मिळत नाही, काम तेच करतंय, असं श्रीशैल म्हणाला. त्यानं नळी जोडली, फिल्टर कसा काढायचा, कसा झटकायचा ते दाखवलं. मग माहितीचा कागद उघडून एक ओळ दोनदा वाचली.

"एवढं एक लक्षात ठेव अव्वा. राख थंड पायजे. चोवीस तास थंड झालेली. गरम राख ओढायची न्हाय."

"चोवीस तास? आपली चूल चोवीस तास कदी थंड असती रे?"

श्रीशैलनं कागदाची घडी घातली. "मग पहाटे ओढ. पेटवायच्या आदी."

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मल्लव्वानं मशीन लावलं. त्याचा आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. समोरचा प्रभुलिंग बनियनवरच दारात येऊन उभा राहिला. तो घरीच मिक्सर आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा, त्यामुळे मशीनचा त्याला राग नव्हता. "मल्लव्वाक्का, विमान उतरलंय का काय मागं?" एवढंच तो म्हणाला. बाकीच्या शेजाऱ्यांना तेवढं हसू आलं नाही. दोन दिवसांनी मशीन संध्याकाळवर गेलं.

चुलीच्या राखेचं वरून काही कळत नाही. वर करडी, गार दिसते आणि चार बोटं खाली फुफाटा धगधगत असतो. मल्लव्वाच्या माहेरी, वळसंगला, रात्री त्या फुफाट्यात वांगी पुरून ठेवायची आणि सकाळी काढली की आतपर्यंत भाजलेली असायची. तेव्हा तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. दुपारी बाराला जाळ विझला की ती उलथण्यानं राख पसरून ठेवायची, तासाभरानं पुन्हा खालीवर करायची, आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला राखेवर तळहात धरून बघायची. ऊब लागली नाही तरच बटण दाबायचं.

आणि मग खरंच बरं वाटायचं. चारही चुली दहा-पंधरा मिनिटांत साफ. गुडघे मोडून बसायला नको, घमेलं उचलायला नको. डबा पोत्यात रिकामा करताना थोडी राख उडायची, पण तेव्हा ती पदर नाकाला लावायची. सुंदरम्मा खाटेवरून बघायची; खाट दारासमोरच होती, तिथून पहिल्या दोन चुली सरळ दिसायच्या.

"गिळतंय की गं सगळं," ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. "आमच्या टायमाला हे कुटं होतं?"

"तुमचा टाइम अजून संपला न्हाय, अक्का."

दीड महिना असं चाललं. मग भोगी आली.

भोगीला सोलापुरात घरोघरी तीळ लावलेली बाजरीची भाकरी लागते, आणि थापायला वेळ मात्र आता फार थोड्या घरांत उरला आहे. त्यातच भोगीच्या दिवशी सिद्धेश्वरांच्या यात्रेतला अक्षता सोहळा. घरोघरी पाहुणे. दुकानांनी आठ दिवस आधीपासून सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी मल्लव्वा आणि कस्तुराबाई उजाडायच्या कितीतरी आधी चुलीपुढं बसल्या त्या अकरा वाजता उठल्या. मल्लव्वाचा नवरा चनबसप्पा स्कूटरवरून खेपा करत होता, दर खेपेला येऊन "अजून किती?" विचारायचा आणि गठ्ठे घेऊन जायचा. शेवटच्या खेपेनंतर त्यानं आंघोळ केली, पांढरे कपडे घातले. श्रीशैलनं बाराबंदी घातली होती, तो त्यात एकदम आपल्या आजोबांसारखा दिसत होता.

"तू येत न्हाईस?" चनबसप्पानं दारातून विचारलं.

"अक्काला एकटी कुटं सोडू? आणि संध्याकाळच्या दीडशे हायत की."

"त्या चारला लावल्यास तरी चालतंय," तो म्हणाला आणि दोघं बापलेक गेले. कस्तुराबाईही गेली. गल्ली बघता बघता रिकामी झाली.

मल्लव्वा शेडात परत आली. चारी चुली राखेनं गळ्यापर्यंत भरल्या होत्या, आत हवा खेळायला जागा नव्हती. चारला पेटवायच्या तर आधी त्या मोकळ्या करणं भाग होतं. तिनं राख पसरली. दीड वाजता पुन्हा खालीवर केली आणि वर तळहात धरला.

ऊब नव्हती. धग होती.

ती तशीच दोन मिनिटं बसून राहिली. कंबर अशी झाली होती की तिथं दुसऱ्याच कुणाची तरी कंबर आणून बसवलीय असं वाटत होतं. सुपलीनं काढायची तर अर्धा तास. मशीननं दहा मिनिटं. मधल्या वीस मिनिटांत आडवं होता आलं असतं. तिला एवढंच दिसत होतं, ती वीस मिनिटं. फुफाट्यातलं वरवरचं काय लाल दिसलं ते तिनं उलथण्यानं बाजूला सारलं आणि बटण दाबलं.

काही झालं नाही. राख गेली. शेडात संध्याकाळच्या पिठाच्या पराती मांडायच्या होत्या, म्हणून तिनं मशीन उचलून मधल्या खोलीत गठ्ठे बांधायच्या कागदांच्या ढिगाशेजारी ठेवलं. सुंदरम्मा भिंतीकडं तोंड करून निजली होती. मल्लव्वा पुढच्या खोलीत गेली आणि चटई न घालताच फरशीवर पडली.

तिला जाग आली ती वासानं. आधी वाटलं, गल्लीत कुणीतरी टायर पेटवलाय. मग सुंदरम्माचा खोकला ऐकू आला, पण नेहमीचा नाही. नुसता आत ओढलेला, बाहेर न येणारा.

मधली खोली काळ्या धुरानं भरली होती. मशीनचा डबा एका बाजूनं मेणासारखा खचला होता आणि त्यातून जाळाची बारीक जीभ बाहेर येत होती. शेजारच्या ढिगातला वरचा कागद कडेनं तांबूस व्हायला लागला होता. मल्लव्वानं मशीनची मूठ पकडली. मूठ हातात मऊ लागली, तळहाताला चिकटली. तरी ती सोडली नाही. ओढत, खोलीभर काळी रेघ उमटवत तिनं ते मोरीत नेलं आणि बादली उपडी केली. फस्सकन वाफ आली. मग ती परत आत गेली, सुंदरम्माच्या काखेत हात घातले आणि तिला पुढच्या दारापर्यंत आणलं.

"प्रभुलिंगा!" ती ओरडली. यात्रेच्या दिवशी तो घरी असेल की नाही ते तिला माहीत नव्हतं. पण तो होता. त्यानं आधी घरात जाऊन मेन स्विच पाडला, मग स्कूटर काढली. मध्ये सुंदरम्मा, मागं तिला धरून मल्लव्वा. मोठे रस्ते यात्रेसाठी बंद होते. तो बोळाबोळांतून गेला, दोनदा परत फिरला. वाटेत सगळीकडं पांढऱ्या कपड्यांतली माणसं होती, लहान पोरं खांद्यावर होती. मल्लव्वाच्या छातीला सुंदरम्माची पाठ टेकली होती आणि ती पाठ दर श्वासाला शिट्टीसारखी वाजत होती.

डॉक्टर दवाखान्याच्या वरच राहायचे. ते जेवणावरून उठून आले. ऑक्सिजन लावला, वाफ दिली, एक इंजेक्शन. दोन तासांनी सुंदरम्माचे ओठ पुन्हा ओठांच्या रंगाचे झाले. तेव्हा कुठं डॉक्टरांचं लक्ष मल्लव्वाकडं गेलं. "तुमचा हात दाखवा," ते म्हणाले. तिनं उजवा तळहात उघडला आणि तेव्हा तिला पहिल्यांदा दुखलं.

संध्याकाळी बापलेक धावतपळत घरी आले. श्रीशैलच्या केसांत अक्षतांचे दाणे तसेच होते. त्यानं मोरीतलं मशीन बघितलं, मधल्या खोलीची काळी भिंत बघितली, आणि त्याचा आवाज चढला.

"फालतू माल विकतेत. माणूस मेलं असतं हितं! सोडत न्हाय मी ह्यांना. कंपनीला तक्रार करतो, फोटो टाकतो सगळीकडं."

"तू मशीन कधी लावलीस?" चनबसप्पानं विचारलं. "राख गार होती न्हवं?"

"व्हय," मल्लव्वा म्हणाली.

एवढा एक शब्द. तो तोंडातून निघून गेला आणि मग परत घेता येईना.

हाताला पट्टी होती, त्यामुळे थापणं बंद. कस्तुराबाईच्या एकटीच्यानं होण्यासारखं नव्हतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या चुली सलग गार राहिल्या. मल्लव्वाला वाटलं होतं, आता झोप लागेल. लागली नाही. ती अंथरुणावर पडायची, आणि राखेवर धरलेला आपला हात तिला दिसायचा. पलीकडं खाटेवर अक्काचा श्वास वाजायचा. पूर्वी काम करून थकवा यायचा, आता नुसतं पडून यायचा. श्रीशैल रोज जेवताना सांगायचा, आज कंपनीचा फोन आला, आज त्यांनी फोटो मागितले, बघायला माणूस पाठवणार म्हणतात. ती ताटात बघत राहायची.

सातव्या दिवशी प्रभुलिंगनं मशीन तपासायला नेलं. दुपारी तो परत आला तेव्हा घरात दोघी जावाच होत्या. त्यानं उंबऱ्याजवळ कागद पसरला आणि त्यावर मुठीतलं काहीतरी ठेवलं. बोराएवढा कोळसा होता. एका अंगानं फिल्टरचं जळकं कापड त्याला चिकटलेलं.

"मोटर शाबूत हाय," तो म्हणाला. "वायरी बी शाबूत. मशीनचा काय दोष न्हाय, मल्लव्वाक्का. इंगळ गेलाय आत." तो तिच्याकडं बघत नव्हता, कोळशाकडं बघत होता. "कंपनीचा माणूस आला तर त्याला बी हेच दिसंल. तुमच्या पोराला मी काय सांगू?"

"काय सांगू नगोस," मल्लव्वा म्हणाली. "मी सांगते."

तो गेला. ती तिथंच उंबऱ्यावर बसून राहिली. आतून खाट करकरली.

"मल्लव्वा, हिकडं ये."

ती जाऊन खाटेच्या पायथ्याशी बसली. डॉक्टरांच्या औषधानं सुंदरम्माचा आवाज जाड झाला होता.

"अक्का, राख गार नव्हती," मल्लव्वा म्हणाली. ठरवून नव्हे, तिच्या तोंडून ते बाहेरच पडलं. "मी हात लावून बघितलं होतं. मला कळलं होतं. मी तरी लावलं. तुमचा जीव गेला असता."

सुंदरम्मा खाटेवर सरळ होऊन बसली. मग म्हणाली, "मी जागी होते."

"कदी?"

"तवाच. तू हात धरलीस, मागं घेतलीस, बसलीस. मी हितनं बघत होते. मला बी कळलं, गरम हाय. आवाज द्यावा म्हटलं. मग म्हटलं, आवाज दिला तर ही सुपली घेऊन बसंल अर्धा तास, आणि ती राख माझ्याच नाकात येईल. होऊन जाऊ दे एकदाचं. तोंड फिरवलं आणि निजले." तिनं श्वास घेतला. "तेच मशीन तू आणून माझ्या उशाशी ठेवलीस. तरी मी बोलले न्हाय. लई दमले होते गं मी. बसून बसून बी माणूस दमतंय."

मल्लव्वाला रडू आलं. ते मोठं रडू नव्हतं. डोळ्यांतून नुसतं पाणी येत राहिलं आणि पट्टीच्या हातानं ते पुसता येईना. सुंदरम्मानं आपल्या पदरानं पुसलं.

संध्याकाळी श्रीशैल आला तेव्हा त्याचा बापही घरात होता. मल्लव्वानं उभ्या उभ्याच सांगितलं. कंपनीची तक्रार मागं घे. राख गरम होती. मला ठाऊक होतं.

श्रीशैलचा चेहरा लाल झाला. "मी सांगितलं होतं अव्वा! पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, चोवीस तास! दोनदा वाचून दाखवलं होतं!"

"सांगितलं होतंस," मल्लव्वा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढवायला तिच्यात ताकद नव्हती. "चोवीस तास चूल थंड ठेव म्हणालास. त्या चोवीस तासात भाकरी कोण करणार, कुटं करणार, ते न्हाय सांगितलंस. मशीन आणलंस आणि तुझं काम झालं. राख तर मीच काढायलेय की, आदी सुपलीनं, मग मशीननं. ह्या घरात तिसऱ्या माणसाचा हात त्या राखेला कदी लागलाय का, ते सांग."

चनबसप्पा भिंतीला टेकून उभा होता. तो बावीस वर्षं भाकरी दुकानांत पोचवत होता. चुलीपुढं बसायची त्याच्यावर वेळ आली नव्हती आणि यावी असं त्याला कधी वाटलंही नव्हतं. तो म्हणाला, "मग बंद करायचं का सगळं?"

"बंद कशाला?" आतून सुंदरम्मा म्हणाली. "चार चुली हायत न्हवं? एक दिवस दोन पेटवा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दोन. ह्या पेटतील तवर त्या गार होतील."

"भाकरी निम्म्या होतील."

"होऊ देत की," मल्लव्वा म्हणाली.

चनबसप्पानं बायकोकडं बघितलं. असं उत्तर तिनं पूर्वी कधी दिलं नव्हतं, आणि दिल्यावर ती आत निघून गेली नव्हती, तिथंच उभी होती. त्याला दुसऱ्या दिवशी तीन दुकानांत जाऊन सांगावं लागलं की आता रोजच्याएवढ्या मिळणार नाहीत. एका दुकानदारानं दुसरीकडून घेतो म्हणून सांगितलं आणि घेतल्याही. दोघांनी कुरकुर केली आणि मिळतील तेवढ्या द्या म्हणाले.

प्रभुलिंगनं मशीनची मोटर एका जाड पत्र्याच्या डब्यावर बसवून दिली. दिसायला ते भयंकर दिसत होतं, आवाज पूर्वीपेक्षा मोठा होता. पण एखादा इंगळ चुकून आत गेलाच तर पत्रा तरी वितळणार नव्हता. राख ओढायची आदल्या दिवशीच्या चुलींची, आणि ती ओढायची श्रीशैलनं, ऑफिसातून आल्यावर. पहिल्या दिवशी त्यानं नाकाला रुमाल न बांधताच डबा पोत्यात रिकामा केला आणि पापण्यांपर्यंत पांढरा होऊन बाहेर आला. खोकत खोकत म्हणाला, "हे रोज असंच असतंय?" आठवड्यातले चार दिवस तो नेमानं करायचा, बाकीचे दिवस विसरायचा किंवा उशिरा यायचा. विसरला की राख तशीच राहायची. मल्लव्वाचा हात दोनदा सुपलीकडं गेला आणि दोन्ही वेळा तिनं तो मागं घेतला. तिसऱ्या वेळी कस्तुराबाईनं सकाळी सकाळी भरलेली चूल बघून श्रीशैलला झोपेतून उठवलं, आणि त्यानं डोळे चोळत सुपलीनंच ती मोकळी केली. सकाळी सहाला विमान उतरवायची सोय नव्हती.

सुंदरम्माची छाती काही नवी झाली नाही. डॉक्टर म्हणाले, जेवढं गेलं ते परत येत नाही, आहे तेवढं सांभाळा. तिची खाट पुढच्या खोलीत आणली. तिथून चूल दिसत नव्हती, गल्ली दिसायची. येणाऱ्या-जाणाऱ्यांशी ती मराठीत आणि कन्नडमध्ये आळीपाळीनं भांडायची, आणि त्यात तिचा वेळ बरा जायचा.

ही घडी बसायच्या आधी, मल्लव्वाची पट्टी सुटल्यावर पहिल्या दिवशी दोनच चुली पेटल्या. नव्या कातडीला परातीतलं पीठ खरखरीत लागत होतं, ती हळू हळू थापत होती. साडेनऊला शेवटची भाकरी तव्यावरून उतरली. कस्तुराबाईनं पदर झटकला आणि ती घरी गेली. चनबसप्पा एकाच खेपेत सगळे गठ्ठे घेऊन गेला. मल्लव्वा शेडाच्या दारात उभी राहिली. ऊन अजून अंगणातल्या अर्ध्या फरशीवरच आलं होतं. या वेळेला ऊन कुठपर्यंत येतं हे तिनं आजवर कधी बघितलं नव्हतं. आता काय करायचं असतं ते तिला आठवेना. तिनं परात घासली, मग स्वच्छ असलेला तवा पुन्हा घासला.

"मल्लव्वा," पुढच्या खोलीतून हाक आली. "बा, ऊट माडोण. ये, जेवू. किती घासतीस?"

तिनं दोन ताटं वाढून घेतली. गरम भाकरी, शेंगाची चटणी, दही. दोघी खाटेवर समोरासमोर बसल्या. दोघींनी एकत्र बसून जेवायची वेळ सणासुदीलाही क्वचित यायची. एकीनं उभ्यानं खायचं, दुसरीनं तव्याकडं बघत, असंच चालत आलं होतं. सुंदरम्मा एकेक घास मोडून, श्वास घेऊन, मग पुढचा घास घेत होती. ती कुणाबद्दल तरी सांगत होती, समोरच्या घरातल्या नव्या सुनेबद्दल बहुतेक. मल्लव्वा हो हो करत होती. चौथ्या घासाला तिचे डोळे मिटले. तिनं ते उघडले, घास चावला, पुन्हा मिटले.

सुंदरम्मानं बोलणं थांबवलं. जावेच्या हातातला तुकडा काढून घेतला, तिचं ताट खाटेखाली सरकवलं आणि आपले पाय आखडून तिला आडवं व्हायला जागा करून दिली.

"हात खरकटा हाय," मल्लव्वा पुटपुटली.

"असू दे. निज."

ती निजली. सुंदरम्मानं उरलेली भाकरी दह्यात कुस्करली आणि गल्लीकडं बघत सावकाश जेवण पुरं केलं.